सनदेवर वसलेली गावे

दक्षिण रशियातल्या मेनोनाइट गावकऱ्यांनी क्रांतीच्या आणि यादवीच्या वर्षांत लिहिलेल्या रोजनिश्या, आणि त्यातून जे वाचले त्यांनी पुढे कॅनडात बसून लिहिलेल्या आठवणी, हा या पुस्तकाचा विषय आहे. हे लेखन प्रामाणिक आहे, तपशिलाने भरलेले आहे आणि कित्येक ठिकाणी वाचवत नाही. तरीही त्यात एक मोठी उणीव आहे. गहू किती पिकला, कोणत्या घरात कोण आजारी पडले, रविवारी उपदेश कोणी केला, हे सगळे त्यात सापडते. दोन-चार कोसांवरच्या युक्रेनियन खेड्यातला माणूस मात्र फार कमी भेटतो. भेटतो तो आधी गुराखी, मोलकरीण किंवा हंगामी मजूर म्हणून, आणि १९१८ नंतर एकदम दरोडेखोर म्हणून. मधला प्रवास लिहिणाऱ्यांना दिसलेला नाही. मला या प्रस्तावनेत जे म्हणायचे आहे ते याच उणिवेतून निघते. या गावांवर कोसळलेले दुःख त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे आले नाही, आणि ते नुसत्या श्रीमंतीमुळेही आले नाही. सव्वाशे वर्षे या लोकांनी आपले सगळे संरक्षण दूरच्या राजाशी झालेल्या करारात ठेवले होते आणि जवळच्या माणसाशी बरोबरीचे नाते जोडलेच नव्हते. राजा गेला तेव्हा त्यांच्या हातात कागद उरला. या म्हणण्यावर आक्षेप येतील. ते सोपे नाहीत, आणि त्यांना उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

सोळाव्या शतकातल्या युरोपीय धर्मसुधारणेत एक पंथ असा निघाला, की ज्याचा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनीही छळ केला. बाप्तिस्मा समजत्या वयात, स्वतःच्या इच्छेने घ्यावा. शपथ घेऊ नये. शस्त्र उचलू नये. सरकारी सत्तेत वाटेकरी होऊ नये, अशी त्यांची शिकवण होती. १५३६ मध्ये कॅथलिक धर्मगुरूपद सोडलेल्या मेनो सायमन्सच्या नावावरून त्यांतल्या एका शाखेला मेनोनाइट हे नाव पडले. नेदरलंड्समधून छळाला कंटाळून निघालेले हे लोक व्हिस्तुला नदीच्या मुखाशी, डान्झिगच्या परिसरात गेले आणि तिथल्या दलदली उपसून त्यांनी शेते काढली. पुढे प्रशियाच्या राज्यात, जो सैन्यात जात नाही त्याने नवी जमीन घेऊ नये अशी बंधने आली. त्याच सुमारास रशियाच्या कॅथरीन सम्राज्ञीला काळ्या समुद्राच्या उत्तरेला नव्याने जिंकलेल्या गवताळ माळरानावर शेतकरी हवे होते. १७६३ च्या तिच्या जाहीरनाम्याने परदेशी वसाहतकऱ्यांना दार उघडले होतेच. १७८९ मध्ये नीपर नदीकाठी खोर्तित्सा ही पहिली मेनोनाइट वसाहत झाली. १८०४ पासून आग्नेयेला मोलोच्ना नदीच्या काठी दुसरी आणि मोठी वसाहत उभी राहिली. १८०० साली पावेल बादशहाने त्यांना सनद दिली. तीत धर्मस्वातंत्र्य, आपल्या गावांचा कारभार आपण करण्याचा हक्क आणि कायमची लष्करमाफी होती. दर कुटुंबाला ६५ देसियातीन, म्हणजे सुमारे पावणेदोनशे एकर जमीन मिळाली. ही जमीन रिकामी नव्हती, ती रिकामी करण्यात आली होती. १७७५ मध्ये झापोरोझियन कोसॅकांचे ठाणे कॅथरीनच्या फौजांनी मोडले होते, आणि मोलोच्नाकाठच्या कुरणांवर तोवर नोगाई पशुपालक फिरत होते. रशियन प्रजेला आपल्या पंथात घ्यायचे नाही, अशीही अट वसाहतकऱ्यांवर होती. शेजाऱ्यांपासून वेगळे राहणे त्यांच्या स्वभावात होतेच, ते करारातही लिहिले गेले.

त्या वेगळेपणातून त्यांनी जे उभे केले ते साधे नव्हते. गावाला एकच लांब सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना ओळीने घरे. राहते घर, गोठा आणि धान्याचे कोठार एका छपराखाली. पुढे फुलबाग, मागे फळबाग, कडेने तुतीचे कुंपण. गावागावात शाळा, मोठ्या गावांत वरच्या वर्गांच्या आणि मुलींच्या शाळा, पुढे मूकबधिर मुलांची शाळा आणि मनोरुग्णांचे इस्पितळही. आईवडील वारले तर वारसाहक्काची रक्कम सांभाळणारे अनाथ-कार्यालय होते, आणि त्यात मुलगी मुलाच्या बरोबरीची वाटेकरी धरली जाई. एकोणिसाव्या शतकातल्या किती समाजांबद्दल हे म्हणता येईल? योहान कॉर्नीस नावाच्या जबरदस्त माणसाने मोलोच्नात शेतीसुधारणेची मंडळी चालवली. झाडे किती लावायची, रान पडीक कधी ठेवायचे, गोठा कुठे बांधायचा हे तो ठरवी, आणि ऐकले नाही तर दंड करी. मेंढ्या आणि लोकर मागे पडून गहू आला, बेर्द्यान्स्कच्या बंदरातून तो युरोपात जाऊ लागला, आणि खोर्तित्सात लेप आणि वालमान यांच्यासारखे शेतीच्या यंत्रांचे कारखाने उभे राहिले. महायुद्धाच्या तोंडावर रशियन साम्राज्यात लाखभर मेनोनाइट होते आणि मूळ वसाहतींतून फुटलेल्या नव्या वसाहती उरलपलीकडे सायबेरियापर्यंत पोचल्या होत्या.

पण या सुबत्तेच्या पोटात भेगा होत्या. वसाहतीच्या नियमांप्रमाणे शेत विभागता येत नव्हते, त्यामुळे एका मुलाला जमीन मिळे आणि बाकीचे भूमिहीन होत. १८६० च्या दशकात मोलोच्नातली निम्म्याहून जास्त कुटुंबे बिनजमिनीची होती, आणि गावसभेत मत फक्त जमीनवाल्याला होते. एकाच चर्चच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या भावांत हा झगडा इतका पेटला, की शेवटी सरकारने हात घालून राखीव जमिनी वाटायला लावल्या आणि भूमिहीनांना मत दिले. आपसांतल्या माणसांशी जमिनीचा प्रश्न सोडवायला ज्यांना सेंट पीटर्सबर्गचा हुकूम लागला, ते परक्या शेतकऱ्याशी तो कसा सोडवणार होते? तो शेतकरी १८६१ पर्यंत पुष्कळदा वेठीचा गुलाम होता. सुटका झाली तेव्हा त्याला तुकडाभर जमीन आणि तिच्या किमतीचे वर्षानुवर्षांचे हप्ते मिळाले. मेनोनाइटांचे ६५ देसियातीन रोज त्याच्या डोळ्यांसमोर होते. त्याची मुलगी मेनोनाइट घरात भांडी घासे, मुलगा गुरे राखी, तो स्वतः कापणीला येई. नाते रोजचे होते, कधी प्रेमाचेही होते, बरोबरीचे नव्हते. घरात प्लाउटडीच ही त्यांची खालची जर्मन, चर्चमध्ये शुद्ध जर्मन, आणि नोकरांशी कामापुरती रशियन किंवा युक्रेनियन अशी भाषांचीही उतरंड होती.

दर संकटाला या लोकांनी जे उत्तर दिले ते पाहिले की माझा मुद्दा स्पष्ट होतो. १८७० च्या दशकात रशियाने सक्तीची लष्करभरती आणायचे ठरवले आणि ‘कायमची’ माफी संपली. त्यांचे प्रतिनिधी पुन्हा पुन्हा राजधानीत गेले. सुमारे अठरा हजार लोक अमेरिका आणि कॅनडात निघून गेले. राहिलेल्यांसाठी लष्कराऐवजी जंगलखात्यात नोकरीची तडजोड झाली, आणि त्या छावण्यांचा खर्चही समाजाने स्वतःच उचलला. तडजोड कौतुकास्पद होती, पण तीही वरूनच मिळवलेली होती. महायुद्ध सुरू झाले तेव्हा हजारो मेनोनाइट तरुण रुग्णगाड्यांवर जखमी रशियन सैनिक वाहत होते. त्याच वेळी जर्मन बोलायला आणि छापायला बंदी आली आणि १९१५ च्या कायद्यांनी जर्मन वंशाच्या वसाहतकऱ्यांच्या जमिनी काढून घेण्याची तरतूद केली. पुढाऱ्यांनी या वेळीही अर्जच केला: आम्ही जर्मन नव्हे, मूळचे डच आहोत! १९१७ मध्ये झार गेला म्हणून तो कायदा पुरता अमलात आला नाही. ज्या राज्यावर सगळी भिस्त होती त्यानेच आधी पाठ फिरवली होती, ही गोष्ट आठवणी लिहिणारे बहुतेक विसरतात. त्यांच्या लेखी संकट १९१७ ला सुरू होते.

१९१८ च्या फेब्रुवारीत मोलोच्नातले मुख्य गाव हाल्बश्टाट काही दिवस काळ्या समुद्राच्या आरमारातून आलेल्या क्रांतिकारी खलाशांच्या हाती होते. खंडणी वसूल झाली, काही जणांना गोळ्या घातल्या गेल्या. मार्चमध्ये जर्मनीशी ब्रेस्त-लितोव्स्कचा तह झाला आणि एप्रिलमध्ये जर्मन-ऑस्ट्रियन फौजा आल्या. गावांनी त्यांचे स्वागत केले, आणि ते स्वाभाविक होते. पण त्या फौजा युक्रेनमधून धान्य काढून न्यायला आल्या होत्या. आदल्या हिवाळ्यात लुटलेला माल इस्टेटवाल्यांना परत मिळवून देताना त्यांनी खेड्यांतल्या शेतकऱ्यांना फटके मारले, काहींना ठार केले. काही मेनोनाइट अशा मोहिमांत वाटाडे म्हणून, ओळख पटवायला म्हणून बरोबर होते. जर्मन अधिकाऱ्यांनी मेनोनाइट तरुणांना कवायत शिकवली, बंदुका दिल्या, आणि ‘सेल्बस्टशुट्झ’ म्हणजे गावांचे स्वसंरक्षक दल उभे राहिले. जून-जुलै १९१८ मध्ये लिख्तेनाउ गावी सर्व मंडळ्यांची परिषद भरली. चारशे वर्षे जपलेले निःशस्त्रतेचे तत्त्व तिथे सोडले गेले नाही. मात्र शस्त्र घ्यायचे की नाही हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवले गेले. माझ्या मते या लोकांच्या इतिहासातला तो सर्वांत अवघड दिवस होता, आणि त्यांनी निर्णय टाळला.

नोव्हेंबरमध्ये जर्मन निघून गेले आणि हुल्याइपोले गावचा नेस्तोर माख्नो पुढे आला. गरीब शेतकऱ्याचा, लहानपणी बाप गेलेला मुलगा. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून दुसऱ्यांची गुरे राखलेला, इस्टेटींवर राबलेला. तरुणपणी अराज्यवादी गटात सामील झाल्याबद्दल फाशीची शिक्षा, ती बदलून जन्मठेप, आणि १९१७ पर्यंत मॉस्कोचा बुतिर्का तुरुंग. जर्मन ताब्याच्या काळात त्याच्या आईचे घर जाळले गेले आणि महायुद्धात जायबंदी होऊन परतलेल्या त्याच्या एका भावाला मारले गेले. त्याच्या फौजेची ओळख बनलेली गाडी, मशीनगन बसवलेली ‘ताचांका’, ही पुष्कळदा जर्मन आणि मेनोनाइट वसाहतींतून नेलेली स्प्रिंगची घोडागाडी असे. रविवारी चर्चला जाण्यासाठी बनवलेले वाहन युद्धाचे हत्यार झाले. १९१८-१९ च्या हिवाळ्यात ब्लूमेन्ताल गावाजवळ मेनोनाइट दलाने माख्नोला काही महिने थोपवले. १९१९ च्या सुरुवातीला तो बोल्शेविकांच्या लाल सैन्याशी मिळाला आणि मार्चमध्ये आघाडी मोडली. उन्हाळ्यात जनरल डेनिकिनचे बोल्शेविकविरोधी श्वेत सैन्य आले, आणि काही मेनोनाइट त्यातही गेले. सप्टेंबरच्या अखेरीस पेरेगोनोव्काच्या लढाईत श्वेतांची फळी फोडून माख्नोची फौज वाऱ्यासारखी नीपरकडे परतली. त्या शरदात खरा संहार झाला.

जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २६ ऑक्टोबर १९१९ च्या रात्री याझिकोवो वसाहतीतल्या आइखेनफेल्ड या गावात ऐंशीच्या आसपास माणसे मारली गेली. निशाणा होता जमीनवाल्या घरांतले पुरुष आणि सोळा वर्षांवरचे मुलगे. उरलेल्या बायकामुलांनी गाव सोडले आणि आसपासच्या खेड्यांतून गाड्या येऊन सामान घेऊन गेल्या. आइखेनफेल्ड पुन्हा वसले नाही. पुढच्या महिन्यात झाग्रादोवका वसाहतीत दोनशेच्या आसपास माणसे मेली, त्यांतली निम्म्याच्या जवळपास एकट्या म्युन्स्टरबर्ग गावातली, आणि तिथे बायकामुलेही सुटली नाहीत. पण रोजनिश्या वाचताना मनावर जास्त भार पडतो तो या रात्रींचा नव्हे, खोर्तित्सा माख्नोच्या ताब्यात होते त्या तीन महिन्यांचा. घरटी दहा-दहा, पंधरा-पंधरा माख्नोवाले मुक्कामाला होते. त्यांना पांढरा पाव, लोणी, मांस हवे, बिछाने हवे, घरमालकाचे कपडे हवे. बायकांवर अत्याचार झाले, आणि त्याबद्दल रोजनिश्या इतक्या आडून बोलतात की वाचणाऱ्याला ओळींमधली जागा वाचावी लागते. मग त्या फौजेबरोबर उवा आल्या आणि उवांबरोबर टायफस. (आपल्याकडचा विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, हा वेगळा.) शाळांच्या जमिनीवर पेंढ्यात आजारी सैनिक पडले होते, आणि त्यांची सेवा करायला गावातल्याच बायका लावल्या होत्या. साबण नव्हता, कपडे उकळायला सरपण नव्हते. १९१९-२० च्या हिवाळ्यात बंदुकीने मेले त्याहून अधिक लोक खोर्तित्सात या तापाने गेले. ज्यांनी घर लुटले त्यांचेच अंग पुसताना घरच्या बाईला ताप चढावा, हे निःशस्त्रतेच्या तत्त्वाचे सर्वांत खरे आचरण होते. ते करणाऱ्या बायकांना लिख्तेनाउच्या परिषदेत बोलायची जागा नव्हती.

पहिला आक्षेप माख्नोच्या बाजूने येतो. त्याचा सहकारी प्योत्र अर्शिनोव्ह याने १९२३ मध्ये त्या चळवळीचा इतिहास लिहिला. तेव्हापासून अराज्यवादी लेखनात हा वर्गयुद्धाचा भाग मानला जातो. जमीनदारांना आणि जर्मनांच्या हस्तकांना शिक्षा झाली, एवढेच. यात तथ्य आहे, आणि ते वर मांडलेच आहे. पण बडे इस्टेटवाले तोवर बहुतेक क्रिमियात किंवा शहरांत निसटले होते. मेले ते गावात राहिलेले मध्यम शेतकरी, शिक्षक, मजूर. सुक्याबरोबर ओलेही जळते असे म्हणून हा विषय मिटवता येत नाही, कारण इथे कोणते सुके आणि कोणते ओले हे पाहायला कोणी थांबलेच नव्हते. आणखी एक पुरावा ध्यानात घ्यावा. त्याच वर्षांत युक्रेनमध्ये ज्यूंच्या कत्तलींत किमान पन्नास हजार माणसे मेली. त्यांत बहुसंख्य गरीब होते, कोणाकडे सनद नव्हती, कोणी जर्मन सैन्याला वाट दाखवली नव्हती. ज्यूद्वेषी कत्तलींबद्दल माख्नोने आपल्याच माणसांना देहदंड दिला होता, हेही सांगितले पाहिजे. राज्य कोसळते तेव्हा हिंसा न्यायाचे कपडे घालते आणि ज्याला कोणी राखणदार नाही त्याच्या दारात जाते. मेनोनाइटांना राखणदार नव्हता तो का, एवढेच माझे म्हणणे सांगते. मारणाऱ्याचा हात ते हलका करत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, आणि तो मेनोनाइटांच्या वंशजांकडून येतो. कारणे शोधणे म्हणजे मेलेल्यांवर ठपका ठेवणे नव्हे काय? आइखेनफेल्डच्या सोळा वर्षांच्या मुलाने कोणती सनद मागितली होती? त्याने काही मागितले नव्हते, आणि त्याच्या मरणाला कोणतेही समर्थन नाही. पण त्याच्याबद्दल शोक करायचा तर त्याला इतिहासाबाहेरचा हुतात्मा केलेच पाहिजे, असे थोडेच आहे? हुतात्मा केला की तो एका पंथापुरता उरतो. शॉन पॅटरसन या कॅनेडियन अभ्यासकाने २०२० मधल्या आपल्या पुस्तकात माख्नोवाद्यांची आणि मेनोनाइटांची आठवण समोरासमोर ठेवली. आइखेनफेल्डकडे पाहताना त्याने आसपासच्या खेड्यांतल्या युक्रेनियन कुटुंबांत चालत आलेल्या कहाण्याही विचारात घेतल्या. त्यांत आधीच्या वर्षीचे फटके आहेत, जमिनीचे वाद आहेत, नावे आहेत. त्या रात्री आलेले सगळेच परके घोडेस्वार नव्हते. कोणते घर कोणाचे हे त्यांना माहीत होते. हे कळल्यावर दुःख कमी होत नाही. उलट ते जास्त टोचते, कारण मारणाऱ्याला आता चेहरा येतो.

स्वसंरक्षक दलाबद्दल मेनोनाइटांतच वाद झाला आणि अजून चालू आहे. बंदूक उचलली म्हणून देवाचा कोप झाला, असे त्या वेळच्या कित्येक धर्मोपदेशकांनी म्हटले. कालक्रम मात्र त्यांच्या बाजूचा नाही. हाल्बश्टाटची फेब्रुवारी दल उभे राहण्याआधीची आहे, आणि ब्लूमेन्तालच्या आघाडीमागे काही महिने हजारो बायकामुले सुरक्षित झोपली, हे दलाचे समर्थक म्हणतात ते खोटे नाही. माझे मत असे, की अनर्थ बंदुकीपेक्षा ती कोणाच्या हातून घेतली यामुळे झाला. परचक्र घेऊन आलेल्या सैन्याच्या गणवेशातल्या माणसाकडून ती घेतली गेली, आणि आपल्या परिसरातल्या शेतकऱ्यावर रोखली गेली. राजा गेला, तर त्याच्या जागी जर्मन कैसर धरला. सवय तीच होती.

माझ्या मुद्द्याला खरा अडथळा आणतात ते त्या रात्री आइखेनफेल्डात मारले गेलेले तंबू-प्रचारक. याकोब डिक या मेनोनाइट तरुणाने उभी केलेली ही टोळी खेड्यापाड्यांत तंबू ठोकून रशियन भाषेत बायबल सांगत हिंडत असे. तिच्यात वेगवेगळ्या वंशांचे लोक होते, ज्यू वंशाची एक तरुणीही होती. ज्या भिंतीबद्दल मी बोलतो आहे ती त्यांनी ओलांडली होती, त्यांच्याकडे जमीन नव्हती, आणि तरी ते मेले. म्हणजे शेजार जोडला असता तर सगळे वाचले असते, असे म्हणता येत नाही. मी तसे म्हणतही नाही. थोड्याशा काळाच्या प्रचाराने सव्वाशे वर्षांचे अंतर मिटत नसते. आणि बायबल देणे म्हणजे जमिनीचा प्रश्न काढणे नव्हे. याच्या उलट बाजूचा पुरावाही आठवणींत विखुरलेला आहे. जुन्या मोलकरणीने माळ्यावर लपवलेली मुले, गावच्या पाटलाने ‘हा मालक चांगला’ म्हणून सोडवलेला शेतकरी. असे प्रसंग थोडे आहेत, पण ते जिथे जिथे आहेत तिथे माणसाला वाचवणारे बळ वैयक्तिक ओळखीचे होते, तत्त्वाचे किंवा कागदाचे नव्हते.

मराठी वाचक ‘अहिंसा’ म्हटले की गांधींकडे पाहणार, आणि इथे तो घोटाळा टाळायला हवा. लिख्तेनाउ परिषदेनंतर दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९२० मध्ये, गांधींनी ‘यंग इंडिया’त तलवारीच्या तत्त्वावर लेख लिहिला आणि भ्याडपणापेक्षा हिंसा बरी असे म्हणून अहिंसेला अन्यायाशी झुंजायला लावले. मेनोनाइटांची निःशस्त्रता तशी नव्हती. ती अलिप्त राहण्याची होती. वेठबिगारीविरुद्ध तिने कधी आवाज काढला नाही. या फरकाला आपल्या भूमीवर एक चमत्कारिक पुरवणी आहे. १८८९ मध्ये अब्राहम फ्रीझन हा मोलोच्नातला धर्मप्रचारक आणि त्याची पत्नी मारिया रशियातून निघून निजामाच्या हैदराबाद संस्थानात आले आणि नलगोंड्याला त्यांचे केंद्र झाले. रशियातल्या गावांची वर्गणी तिथे येत असे, महायुद्धाने ती आटली. पुढे त्याच नलगोंडा जिल्ह्यात जमिनीसाठी शेतकऱ्यांचा सशस्त्र उठाव झाला, आणि तेव्हा त्याच जिल्ह्यात असलेल्या पोचमपल्लीला १८ एप्रिल १९५१ रोजी विनोबांना पहिले भूदान मिळाले. दोन गोष्टींचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. पण भूदानाचे पुढे काय झाले याबद्दल कोणाचे काहीही मत असो, अहिंसा मानणाऱ्याला जमीनवाल्याच्या दारात जाऊन जमीन मागावी लागते, हे विनोबांनी ओळखले होते. कॉर्नीसच्या गावांत तसा दारात जाणारा कोणी निघाला नाही.

पुढची हकिगत थोडक्यात. १९२० च्या अखेरीस बोल्शेविक सत्ता पक्की झाली, धान्याची सक्तीची वसुली आली, १९२१ मध्ये पाऊस गेला आणि दुष्काळ पडला. कुत्री, मांजरे, रानउंदीर खाल्ल्याच्या नोंदी रोजनिश्यांत आहेत. अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी जुलै १९२० मध्ये इंडियानातल्या एल्कहार्टला मध्यवर्ती मदत समिती स्थापन केली. तिने पाठवलेल्या पहिल्या तुकडीतला क्लेटन क्राट्झ हा तरुण त्याच वर्षी हाल्बश्टाटला बेपत्ता झाला, तो पुन्हा दिसला नाही. दुष्काळात अन्नछत्र चालवणे या अमेरिकन मंडळ्यांना नवे नव्हते. १८९७ च्या दुष्काळानंतर त्यांतल्या काहींनी आपल्याकडच्या तेव्हाच्या मध्य प्रांतातल्या धमतरीला केंद्र काढले होते. १९२२ च्या वसंतात खोर्तित्सापासून स्वयंपाकघरे उघडली आणि ऐन भरात रोज पंचवीस हजारांवर माणसे जेवू लागली. त्या रांगांत युक्रेनियन शेतकऱ्यांची मुलेही होती. घोडे मेले होते म्हणून पन्नास फोर्डसन ट्रॅक्टर आले आणि मेनोनाइट आणि युक्रेनियन दोघांचीही राने नांगरली गेली. १९२३ पासून सात-आठ वर्षांत वीस हजार लोक कॅनडाला गेले, रेल्वे कंपनीच्या उधारीवर. ते कर्ज फिटायला १९४६ उजाडले. जे मागे राहिले त्यांच्या वाट्याला सामूहिकीकरण, १९३७-३८ ची अटकसत्रे आणि हद्दपारी आली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य पुन्हा आले तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते सुटका म्हणूनच पाहिले, आणि काही जण ज्यूंच्या संहाराच्या यंत्रणेत सामील झाले. हा भाग मेनोनाइट इतिहासकारांनी अलीकडे उघडला आहे. १९१८ ची सवय १९४१ लाही गेली नव्हती.

या पुस्तकात आवाज फक्त एका बाजूचा आहे. ते त्याचे वैगुण्य नाही, त्याची मर्यादा आहे, आणि ती वाचकाने ओलांडायची आहे. खोर्तित्सात बसून १९१९-२० च्या हिवाळ्याची नोंद ठेवणाऱ्या डीट्रिख नॉयफेल्डची रोजनिशी वाचली की त्याच दिवसांबद्दल अर्शिनोव्ह काय म्हणतो तेही पाहावे. जिथे एकजण ‘दरोडेखोर’ आणि दुसरा ‘कष्टकरी जनता’ असे लिहितो, तिथे दोघांनीही खेड्यातल्या माणसाचे नाव विचारलेले नाही. ज्यांना दोन्ही वाचायला सवड नाही त्यांनी निदान पॅटरसनचे आइखेनफेल्डवरचे विवेचन मिळवून वाचावे.